अर्धा चिलर आणि अकरा टन बर्फ: बडोद्यातल्या इमारतीसाठी बर्फसाठा कसा आखावा

एसीवाल्यांचा ‘टन’ मुळात बर्फाचाच. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगानं उष्णता ओढतो, तो वेग म्हणजे एक टन शीतकरण, ३.५१७ किलोवॅट. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. या दोन आकड्यांवरून कामाचा तिसरा आकडा निघतो: एक टन-तास (एक टन शीतकरण तासभर) गारवा साठवायला सुमारे ३८ किलो बर्फ. पुढचं सगळं गणित त्यावरच चालतं.

रात्री बर्फ करून ठेवायचा आणि दिवसा त्यावर इमारत थंड करायची, ही कल्पना जुनी आहे. दूध डेअरीत काम केलेल्या कोणत्याही मेकॅनिकला आइस बँक टँक ठाऊक असते: रात्रभर कॉइलवर, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ चढवायचा आणि सकाळी दूध आलं की त्याच बर्फाच्या पाण्यानं ते थंड करायचं. इमारतीत दुधाऐवजी माणसं असतात आणि भार दोन तासांऐवजी दहा तास चालतो, एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकामुळे आखणी बरीच बदलते.

आधी वीजबिल वाचा

बर्फसाठ्यानं युनिट वाचतात असं कोणी सांगितलं तर जरा जपून. बर्फ करायला चिलरला, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, उणे तापमानात काम करावं लागतं आणि त्यात त्याची कार्यक्षमता घटते. रात्री हवा दहा-बारा अंशांनी गार असते, त्यामुळे एअर-कूल्ड (उष्णता हवेत सोडणाऱ्या) चिलरचा बराच तोटा भरून निघतो. तरीही वर्षाअखेर युनिट जवळपास तेवढेच किंवा थोडे जास्तच पडतात. पैसे वाचतात ते दोन ठिकाणी: डिमांड चार्ज (कमाल मागणीवरचा आकार) आणि तासांनुसार बदलणारा दर.

डिमांडचं आधी पाहू. बडोद्यात वीज मध्य गुजरात वीज कंपनीची. गुजरातमध्ये एचटी (उच्चदाब) जोडणीवर बिलिंग डिमांड धरताना प्रत्यक्ष कमाल मागणी आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचे (करारात ठरलेल्या मागणीचे) ८५ टक्के यांतला मोठा आकडा लागतो, आणि १०० केव्हीए हे किमान असतं. म्हणजे बर्फाच्या जोरावर मागणी निम्मी केली आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड तशीच ठेवली, तर बिल जेमतेम हलेल. संयंत्र एक पूर्ण उन्हाळा नीट चालल्यावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करण्याचा अर्ज करणं हा प्रकल्पाचाच भाग समजा. तो राहून गेला, तर परतफेडीचा तक्ता कागदावरच राहतो.

दुसरी गोष्ट दराच्या तासांची. ‘रात्र स्वस्त, दिवस महाग’ हे समीकरण आता सरधोपट राहिलेलं नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार सौर तासांतला दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांचा पीक, म्हणजे सर्वाधिक मागणीच्या, तासांतला दर सामान्य दराच्या किमान १.२ पट असावा, अशी दिशा ठरली. १० किलोवॅटवरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांसाठी तिची तारीख १ एप्रिल २०२४ होती. प्रत्यक्ष तास राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून स्वतःच्या ताज्या बिलावरचे तास आणि दरपत्रकच प्रमाण माना. सल्लागारानं पाच वर्षांपूर्वीच्या दरांवर हिशोब मांडला असेल तर तो परत करा. स्वस्त तास भर दुपारी आणि महाग तास संध्याकाळी असतील, तर बर्फ दुपारी करून दिवेलागणीनंतर वितळवणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. त्याला यंत्रणा मात्र वेगळी लागते. ते पुढे येईल.

तासागणिक भार मांडा

फक्त ‘१०० टनांची इमारत’ एवढ्यावर बर्फाची टाकी ठरत नाही. दिवसभराचा तास-तासाचा तक्ता हवा. जुनी इमारत असेल तर मे महिन्यातल्या चार-पाच कामाच्या दिवशी चिल्ड वॉटरचा प्रवाह आणि जाता-येताचं तापमान दर तासाला नोंदवा. नवी असेल तर भारगणनेच्या सॉफ्टवेअरमधून तासवार आकडे मागून घ्या.

उदाहरणादाखल अलकापुरीतली सकाळी १० ते रात्री ८ चालणारी एक इमारत धरू. दर तासाचा भार टनांत: ५५, ६५, ७५, ८५, ९५, १००, ९५, ८५, ७५, ५०. बेरीज ७८० टन-तास. बर्फाविना १०० टनांचा चिलर लागतो.

आता अंशतः साठा, म्हणजे दिवसाचा काही भार चिलरवर आणि उरलेला बर्फावर. बर्फ करताना चिलरची क्षमता नेहमीच्या ६० ते ७० टक्के राहते. आपण ६५ धरू. रात्री ८ तास बर्फ आणि दिवसा १० तास थेट काम असं धरलं, तर क्षमता × (१० + ०.६५ × ८) = ७८०. उत्तर ५१.३. बाजारात मिळणारा जवळचा आकार ५५ टन घेऊ. तो रात्री ०.६५ × ५५ × ८ म्हणजे २८६ टन-तासांचा बर्फ करतो. दिवसा ५५ टनांच्या वरचा सगळा भार बर्फावर टाकला तर २३५ टन-तास लागतात, पाच टक्के गळती धरून २४७. हाताशी चाळीसेक टन-तास शिल्लक राहतात. ही शिल्लक ठेवाच. कंडेन्सरवर (चिलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर) धूळ बसली की पहिली तीच खर्ची पडते.

एअर-कूल्ड चिलर भर उन्हात टनाला सव्वा किलोवॅटच्या आसपास घेतो असं धरलं, तर दुपारची मागणी सुमारे १२५ वरून ७० किलोवॅटवर येते. ग्लायकॉल, म्हणजे शून्याखालीही न गोठणारा द्रव, फिरवणाऱ्या पंपाचा भार वजा जाता पन्नासेक किलोवॅट वाचतात.

याच इमारतीत संध्याकाळी सहानंतर चिलर पूर्ण बंद ठेवायचा असेल, तर सहापर्यंतच्या वरच्या भाराला २१५ आणि शेवटच्या दोन तासांना १२५ मिळून ३४० टन-तास लागतील. २८६ त पुरत नाही. मे महिन्यात चिलर अर्धवट चालवावा लागेल, किंवा टाकी आणि चिलर दोन्ही वाढवावे लागतील. विक्रेता ‘पीकमध्ये चिलर बंद’ म्हणतो तेव्हा तो कोणत्या महिन्याबद्दल बोलतोय हे विचारा.

बर्फसाठ्याला सगळ्यात फिट बसणारा ग्राहक मात्र ऑफिस नव्हे, मंगल कार्यालय. ६० टनांचा भार चारच तास, म्हणजे २४० टन-तास. कार्यक्रमाआधी १८ तास बर्फ करायला मिळाले तर १६ टनांचा चिलर पुरतो. अडचण एकच: सकाळी मुहूर्त, संध्याकाळी दुसऱ्याच मंडळींचं रिसेप्शन आणि परवा पुन्हा लग्न. मधले तास मोजूनच चिलर घ्या, नाहीतर दुसऱ्या वऱ्हाडाला कोमट हवा मिळेल.

टाकीचा प्रकार

इमारतींसाठी व्यवहारात तीन पर्याय. आतून वितळणारी कॉइल-टाकी: नळ्यांमधून ग्लायकॉल फिरतं, बाहेरचं पाणी गोठतं आणि तेच ग्लायकॉल दिवसा बर्फ आतून वितळवतं. बाहेरून वितळणारी: ही डेअरीची पद्धत, बर्फाळ पाणी थेट फिरवायचं, एक अंशाचं पाणी झटपट मिळतं, पण अर्धवट वितळलेल्या बर्फावर नवा थर चढत गेला की शेजारच्या नळ्यांवरचे थर एकमेकांना चिकटतात आणि पाण्याची वाट बंद होते. तिला तळातून हवेचे बुडबुडे द्यावे लागतात आणि अधूनमधून बर्फ पूर्ण वितळवावा लागतो. तिसरी, बर्फगोळ्यांची: पाणी भरलेले बंद प्लॅस्टिकचे गोळे टाकीत आणि त्यांच्याभोवती ग्लायकॉल. ग्लायकॉल भरपूर लागतं. शिवाय साधं पाणी शून्याखाली जाऊनही लगेच गोठत नाही, म्हणून गोळ्यांत स्फटिक सुरू करणारं द्रव्य घातलेलं असतं.

शंभर-दोनशे टनांच्या इमारतीला आतून वितळणारी कॉइल-टाकी घ्या. पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे.

जागा मुबलक असेल तर बर्फाऐवजी थंड पाण्याची टाकी नक्की तपासा. २८६ टन-तासांना आठ अंशांच्या फरकानं सुमारे १२० घनमीटर पाणी लागतं, तर बर्फाच्या टाकीला इन्सुलेशनसकट २० ते २५ घनमीटर. जागा पाचपट जाते, पण ग्लायकॉल नाही, उणे तापमान नाही, नेहमीचाच चिलर चालतो. गोत्रीच्या पुढे मोकळ्या आवारात बांधकाम असेल तर पाणीच बरं. रावपुऱ्यात किंवा सयाजीगंजात तेवढी जागा मिळणार नाही, तिथे बर्फ.

टाकी कुठे ठेवावी

२८६ टन-तास म्हणजे जवळपास ११ टन बर्फ. पाणी, कॉइल आणि ग्लायकॉलसह भरलेली टाकी १४ टनांच्या पुढे जाते. तळ सात चौरस मीटरचा असेल तर चौरस मीटरला दोन टन भार आला. वापरातल्या गच्चीचा नेहमीचा संकल्पित भार चौरस मीटरला १५० किलो असतो. म्हणजे जुन्या इमारतीच्या गच्चीवर टाकी हा विषयच नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं स्वतंत्र गर्डर दिले तरच.

सोयीची जागा म्हणून लोक बेसमेंटकडे वळतात. बडोद्यात तिथे विश्वामित्री नदीला विचारून जा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरलं होतं. टाकीला पुराच्या पाण्याचा फार त्रास नाही. पंप, पॅनेल आणि सेन्सर मात्र जातात. आणि जमिनीत पुरलेली टाकी दुरुस्तीसाठी रिकामी केली असताना भोवती पाणी चढलं, तर ती तरंगून वर येते आणि पाइप तोडते. पुरायचीच असेल तर अँकर लावलेला काँक्रीटचा तळ हवा, आणि पावसाळ्यात टाकी रिकामी करायची नाही. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जमिनीवर ठेवतानाही काळी माती काढून मुरूम भरून दाबा आणि त्यावर सपाट राफ्ट (काँक्रीटचा सलग तळ) टाका. टाकी एका कोपऱ्यात जरी कलली तरी पाण्याच्या पातळीवरून बर्फ मोजण्याचं गणित चुकतं.

चिलर आणि ग्लायकॉल

चिलर ‘ब्राइन ड्यूटी’चा, म्हणजे उणे तापमानाचं ग्लायकॉल देऊ शकणारा मागा, आणि उणे ५.५ अंश बाहेर, उणे २ अंश परत या तापमानाला किती टन मिळतात हे लेखी घ्या. फक्त ७ अंशांवरची क्षमता दिलेलं कोटेशन उपयोगाचं नाही. इथे स्क्रू किंवा स्क्रोल कॉम्प्रेसर चालतात. एकाऐवजी २८ टनांचे दोन घेतलेत तर एक बंद पडला तरी निम्मा बर्फ होतो. पॅथॉलॉजी किंवा रुग्णालयाच्या इमारतीत याबाबत काटकसर नको.

ग्लायकॉल २५ टक्के, गंजरोधक मिसळलेलं औद्योगिक इथिलीन ग्लायकॉल. ते उणे १० अंशांच्याही खाली गोठतं, त्यामुळे पुरेसं अंतर राहतं. ‘जास्त सुरक्षित’ म्हणून ४० टक्के करू नका: द्रव दाटतो, पंपाला ओझं होतं, उष्णता कमी वाहते. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट तर मुळीच नको. त्यातले सिलिकेट जेलीसारखे साचून एक्स्चेंजर तुंबवतात. या चक्रात जीआय (जस्त चढवलेली) पाइपही चालत नाही, कारण गंजरोधक जस्ताशी भिडून गाळ करतो. काळी स्टील पाइप वापरा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, तेव्हा सांडलेलं गटारात सोडायचं नाही, पिंपात धरायचं.

पाइपिंग: दहा अंशांचा फरक

पैसे इथेच वाचतात आणि चुकाही इथेच होतात. चिलर आणि टाकी एकामागे एक जोडा, चिलर आधी. परतीचं १४ अंशांचं ग्लायकॉल चिलर ८.५ पर्यंत आणतो, टाकी पुढे ४ पर्यंत. चिलरला उबदार ग्लायकॉल मिळतं म्हणून तो कमी विजेत जास्त काम करतो, आणि शेवटचे अवघड अंश बर्फ सहज उतरवतो. क्रम उलटा केला तर दोघांनाही आपल्याला न जमणारं काम करावं लागतं.

या मांडणीत १०० टनांना सेकंदाला ९ लिटर ग्लायकॉल पुरतं. तोच पंप रात्री ३६ टनांवर चालतो तेव्हा चिलरवरचा फरक साडेतीन अंश राहतो: उणे ५.५ बाहेर, उणे २ परत. दिवस आणि रात्र एकाच प्रवाहात बसतात.

आता खोच. जुन्या एएचयूंच्या (थंड पाण्यावर हवा गार करून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्रांच्या) कॉइल ७ ते १२ अंशांसाठी निवडलेल्या असतात. त्यांच्यातून पाणी १४-१५ अंशांवर परत येणार नाही, १२ वरच येईल. मग १०० टनांना जवळपास दुप्पट प्रवाह लागेल आणि वरचं सगळं गणित कोसळेल. जुन्या इमारतीत बर्फ बसवायचा तर आधी एएचयूवरचे, थंड पाणी न वापरताच परतीत सोडणारे थ्री-वे बायपास व्हॉल्व्ह काढून टू-वे घाला, कॉइल साफ करा आणि पुन्हा मोजा. ५ अंशांचं पाणी दिलं की जुनी कॉइलही बऱ्यापैकी जास्त फरक देते, पण किती ते कॉइलच्या उत्पादकाकडून काढून घ्या.

इमारतीचं पाणी आणि ग्लायकॉल यांच्यामध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन द्रव न मिसळता प्लेटांमधून उष्णता पोहोचवणारा) ठेवा, दोन्ही बाजूंत एक अंशाच्या फरकाचा. ग्लायकॉल थेट सगळ्या मजल्यांवर फिरवणं लहान इमारतीतच परवडतं.

आणि हाच एक्स्चेंजर या यंत्रणेतला सगळ्यात नाजूक भाग आहे. रात्री पाण्याचा पंप बंद, प्लेटांमध्ये पाणी उभं आणि पलीकडे उणे ५ अंशांचं ग्लायकॉल. मधला व्हॉल्व्ह जराही गळका असला तर पाणी गोठून प्लेटा फुगतात, आणि सकाळी पाण्यात ग्लायकॉल मिसळलेलं सापडतं. उपाय तीन, तिन्ही करा: घट्ट बंद होणारा व्हॉल्व्ह आणि तो खरोखर बंद झाल्याचा एंड-स्विच, पाण्याच्या बाजूला तापमान ३ अंशांखाली गेलं की पाण्याचा पंप आपोआप सुरू, आणि तरीही न सावरलं तर चिलर बंद.

पाइपला जाड नायट्राइल रबर आणि वरून अॅल्युमिनियमचं कवच. उणे तापमानाच्या पाइपवर जोड उघडा राहिला तर पावसाळ्यात दमट हवा आत शिरते, आतच गोठते आणि इन्सुलेशन भिजून निकामी होतं. फ्लँज आणि व्हॉल्व्हही झाकले पाहिजेत.

पहिला बर्फ

चक्र पाण्यानं धुऊन घ्या, गाळण्या काढून साफ करा आणि कामकाजाच्या दाबाच्या दीडपटीनं दाबचाचणी घ्या. नंतर पाणी काढलं तरी कॉइलच्या वळणांत बरंच उरतं आणि ग्लायकॉल पातळ करतं. म्हणून ते घालून, दोन-तीन तास फिरवून मगच रिफ्रॅक्टोमीटरनं गोठणबिंदू मोजा आणि कमी पडेल तेवढं वाढवा. यानंतरच, आधी नव्हे, चिलर फार थंड झाल्यावर त्याला बंद पाडणारी दोन सेटिंग, अँटी-फ्रीझ आणि लो-प्रेशर कटआउट, ब्राइनसाठी खाली आणा.

टाकीत बोअरचं जड पाणी घालू नका. आजवा सरोवरातून येणारं नळाचं पाणी किंवा सॉफ्टनरमधलं, जंतुनाशकासह.

पहिल्या दिवशी २८ अंशांचं पाणी शून्यावर आणण्यातच शंभरहून जास्त टन-तास जातात, त्यामुळे दोन-अडीच तास जादा लागले तर घाबरू नका. दर अर्ध्या तासाला ग्लायकॉलचं जाता-येताचं तापमान लिहा. आधी ते पटापट उतरतं, मग तासन्‌तास जवळपास स्थिर राहतं आणि शेवटी पुन्हा घसरतं. ही दुसरी घसरण म्हणजे टाकी भरली. तिथे चिलर थांबवायचा आणि त्या रात्री पुन्हा सुरू करायचा नाही. बर्फ करताना चिलर पूर्ण क्षमतेवरच चालू द्या. अर्ध्या भारावर रेंगाळला तर सकाळ होते आणि टाकी अर्धीच राहते.

गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं. आपल्या टाकीत सगळा बर्फ झाल्यावर पातळी १४ सेंटिमीटर चढते, म्हणजे एक सेंटिमीटरला वीस टन-तास. साधी काचनळी लावून त्यावर खुणा करा. महागड्या सेन्सरचं वाचन शंकास्पद वाटलं की हीच नळी खरी.

रोज चालवताना

मे-जूनमध्ये चिलर आधी: तो ५५ टनांवर सलग चालू, वरचा भार बर्फावर. डिसेंबर-जानेवारीत दिवसाचा भार तीनशे टन-तासांच्या आसपास उतरतो, तेव्हा दिवसा चिलर जवळपास बंद ठेवून बर्फच वापरा. मधल्या महिन्यांत उद्याच्या हवामानावरून आज रात्री किती बर्फ करायचा ते ठरवा. नवरात्रात दुकानं आणि कार्यालयं उशिरापर्यंत उघडी राहिली की संध्याकाळचा भार लांबतो, ते वेळापत्रकात आधीच भरा.

दुपारच्या स्वस्त तासांत बर्फ करायचा असेल तर एकच चिलर पुरत नाही. तो एकाच वेळी उणे ५ आणि अधिक ६ देऊ शकत नाही. बर्फासाठी वेगळा लहान चिलर ठेवा, मोठा इमारतीला लावा.

वीज गेल्यावर टाकीचा एक उपयोग लोकांच्या ध्यानात येत नाही: दोन पंपांचे मिळून पाच-सात किलोवॅट जनरेटरवर घेतले की चिलर न लावताही गारवा चालू राहतो.

बिघडतं ते असं

सकाळी टाकी भरलेली नाही: आधी कंडेन्सरची धूळ पाहा, मग ग्लायकॉलमध्ये अडकलेली हवा, मग रात्री चालू राहिलेली सर्व्हर खोली. ती चक्रातून काढून तिला स्वतंत्र एसी द्या. तीन टनांच्या खोलीसाठी अख्खा चिलर बर्फ सोडून धावतो.

बर्फ चारलाच संपला: बहुधा सकाळी नियंत्रणानं बर्फ आधी वापरला. टाकीकडे ग्लायकॉल वळवणाऱ्या थ्री-वे व्हॉल्व्हची मर्यादा तपासा.

टाकीचं झाकण उचललं गेलं किंवा पाणी सांडलं: ऑपरेटरनं संध्याकाळी, बर्फ वितळल्यावर, पातळी खाली दिसली म्हणून पाणी भरलं. रात्री तेच फुगलं. ‘पूर्ण वितळलेली’ पातळी रंगानं आखून ठेवा आणि पाणी फक्त त्या रेषेपर्यंतच.

चिलर पहाटे अँटी-फ्रीझवर ट्रिप: ग्लायकॉल पातळ झालं आहे. गळती झाली की कोणीतरी साधं पाणी भरतं. भरणीच्या नळाचं हँडल काढून घ्या आणि शेजारी तयार मिश्रणाचं पिंप ठेवा. रिफ्रॅक्टोमीटरनं तपासणी दर सहा महिन्यांनी, एक मार्चअखेर आणि एक दिवाळीनंतर.